वाचकांचे प्रश्न : इंटरफेरॉन बनव, आणि आता थांब

मागच्या अंकात फ्लूबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं की विषाणू शिरलेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करते आणि ती ज्या प्रथिनातून सावध करते त्याचं नाव इंटरफेरॉन. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यालाच द्यायचं ठरवलं. पत्रं निफाडच्या शाळेतून आहेत, अंबडच्या औषध कारखान्यातून आहेत, गंगापूर रोडच्या वसतिगृहातून आहेत आणि पिंपळगाव बसवंतच्या एका घरातूनही. आधी पुण्याच्या प्रयोगशाळेत आणि नंतर नाशकात वर्गात मी पेशीसंवर्धनातच वर्षं घालवली. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, आणि ती मी लांबू दिली आहेत.

प्रश्न : मॅडम, पेशीला ना डोळे ना मेंदू. मग विषाणू आत आला हे तिला कळतं कसं? आणि ती बातमी इंटरफेरॉनच्या जनुकापर्यंत पोचवतं कोण? मुलांनी वर्गात विचारलं, मला धड सांगता आलं नाही.
– विज्ञान शिक्षक, निफाड

उत्तर : सर, मुलांनी अगदी मूळ प्रश्न विचारला आहे. पेशी विषाणूला ओळखत नाही. ती ओळखते चुकीच्या रूपात किंवा चुकीच्या जागी असलेला आरएनए किंवा डीएनए. आपल्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएचं पुढचं टोक रासायनिक टोपी घालून झाकलेलं असतं. बऱ्याच विषाणूंच्या आरएनएचं टोक उघडं असतं, त्यावर तीन फॉस्फेट तशीच असतात. शिवाय विषाणू स्वतःच्या प्रती काढत असताना दोन पदरी आरएनए तयार होतो. पेशीद्रव्यात हे दोन्ही तपासत फिरणारी प्रथिनं आहेत. त्यातलं रिग-आय हे उघड्या टोकाला पकडतं. रिग-आय विषाणूचा आरएनए ओळखतं हे २००४ मध्ये जपानमधल्या ताकाशी फुजिता यांच्या गटाने दाखवलं. लांबलचक दोन पदरी आरएनएला एमडीए-५ नावाचं त्याचंच भावंड पकडतं.

पकडलं की रिग-आय आपला आकार बदलतं आणि तंतुकणिकेच्या बाहेरच्या पडद्यावर बसलेल्या मॅव्हस या प्रथिनाला जाऊन चिकटतं. तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर एवढंच आपण मुलांना शिकवतो. विषाणूची वर्दीही तिथेच दिली जाते, हे त्यांना जरूर सांगा. २००५ साली चार वेगवेगळ्या गटांना हे प्रथिन एकाच वेळी सापडलं आणि चौघांनी त्याला चार नावं दिली. जुने लेख वाचताना म्हणून गोंधळ होतो. मॅव्हस जागं झालं की टीबीके-१ हे किनेज कामाला लागतं आणि आयआरएफ-३ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. फॉस्फेट चढलेल्या आयआरएफ-३ ची जोडी जुळते आणि ती जोडी केंद्रकात शिरते.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. इंटरफेरॉनचे अल्फा, बीटा, गॅमा असे प्रकार आहेत. एकट्या आयआरएफ-३ मुळे त्यातल्या बीटा इंटरफेरॉनचं जनुक नीट उघडत नाही. त्याच वेळी एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन आत यावं लागतं, आणि एटीएफ-२ व सी-जून ही जोडीही यावी लागते. जनुकाच्या अगदी अलीकडे डीएनएचा एक आखूड पट्टा आहे. तिथे हे सगळे एकमेकांना खेटून बसले तरच लेखन, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत काढणं, जोरात सुरू होतं. अमेरिकेत टॉम मनियाटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वर्षानुवर्षं खपून उलगडलं. एनएफ-कप्पा-बी तर कितीतरी कारणांनी जागं होतं, जखमेनेसुद्धा. प्रत्येक वेळी पेशीने इंटरफेरॉन ओतलं असतं तर शरीर तापातच राहिलं असतं. म्हणून तिघांची साक्ष एकाच वेळी लागते.

डीएनए असलेल्या विषाणूसाठी दुसरी वाट आहे. डीएनए केंद्रकात असावा, पेशीद्रव्यात नाही. तिथे तो दिसला की सी-गॅस हे एन्झाइम सी-गॅम्प नावाचा लहानसा वर्तुळाकार रेणू बनवतं. तो स्टिंग या प्रथिनाला जागं करतो, आणि पुढे पुन्हा तेच टीबीके-१ आणि तेच आयआरएफ-३. सी-गॅस २०१३ मध्ये झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. सी-गॅम्प हा रेणू इतका लहान आहे की दोन पेशींमधल्या सूक्ष्म नळ्यांतून तो शेजारणीकडे थेट जाऊ शकतो. इंटरफेरॉन बाहेर पडायच्या आधीच शेजारी बातमी पोचलेली असते.

बाहेर पडलेलं इंटरफेरॉन शेजारच्या पेशीवरच्या ग्राहकाला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टर), चिकटतं. तिथे जॅक-१ आणि टिक-२ ही किनेजं जागी होतात, स्टॅट-१ आणि स्टॅट-२ यांना फॉस्फेट मिळतं, ती आयआरएफ-९ ला बरोबर घेऊन केंद्रकात जातात आणि शेकडो जनुकं चालू करतात. विषाणूच्या प्रथिननिर्मितीला अडवणारी, त्याचा आरएनए तोडणारी प्रथिनं त्यातून येतात. त्याच यादीत आयआरएफ-७ असतं. त्यामुळे पुढच्या खेपेला इंटरफेरॉन जास्त बनतं आणि अल्फाची डझनभर रूपंही निघू लागतात. पण त्याच यादीत सॉक्स-१ आणि यूएसपी-१८ ही प्रथिनंही असतात. त्यांचं काम ग्राहकाकडून येणारा संदेश दाबायचा. चालू करणाऱ्या संदेशातच बंद करायची सोय आहे, आणि मुलांना एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन.

प्रश्न : आमच्या कारखान्यातले जुने केमिस्ट सांगतात की पूर्वी इंटरफेरॉन माणसाच्या रक्तातून काढायचे आणि ते सोन्याहून महाग होतं. खरं का? आणि पेशींकडून जास्त इंटरफेरॉन काढून घ्यायची युक्ती काय होती?
– औषध कारखान्यातील कर्मचारी, अंबड

उत्तर : खरं आहे. इंटरफेरॉन १९५७ मध्ये लंडनजवळच्या मिल हिल इथे अॅलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमन यांनी शोधलं. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याच्या तुकड्यांवर त्यांनी उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू टाकला होता. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनी १९५४ मध्येच अशा विषाणूरोधक पदार्थाची नोंद केली होती, हेही विसरू नये. पण शोध लागला तरी हातात पदार्थ येईना. पेशी इंटरफेरॉन बनवतात तेच मुळात अतिशय थोडं, आणि माणसासाठी मुख्यतः माणसाच्याच पेशींचं चालतं.

ही कोंडी फिनलंडच्या कारी कांटेल यांनी फोडली. हेलसिंकीत रक्तदानाच्या पिशव्यांमधून लाल पेशी वेगळ्या करताना मधे पांढऱ्या पेशींचा पातळ थर राहतो. त्या पेशी गोळा करून त्यांवर ते सेंडाई विषाणू टाकत. माणसाला त्याचा आजार होत नाही, पण पांढऱ्या पेशी त्याने जोरात इंटरफेरॉन बनवतात. सत्तरच्या दशकात जगभरच्या डॉक्टरांनी रुग्णांवर जे वापरलं त्यातलं बहुतेक इंटरफेरॉन त्यांच्याकडूनच आलेलं होतं. इतकं करूनही त्या औषधातला इंटरफेरॉनचा वाटा अगदी किरकोळ असे, बाकी सगळी इतर प्रथिनं.

तुम्ही युक्ती विचारली आहे. पहिली कांटेल वापरत ती. विषाणू टाकायच्या काही तास आधी पेशींना थोडंसं इंटरफेरॉन द्यायचं. मग तेवढ्याच पेशी कितीतरी जास्त बनवतात. ढगाळ हवा दिसली की आपल्याकडचा द्राक्ष बागाईतदार डावणी रोग पानावर येईपर्यंत थांबत नाही, औषध कालवून ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून ठेवतो. पेशीही थोड्या इंटरफेरॉनच्या इशाऱ्यावर रिग-आय आणि आयआरएफ-७ यांचा साठा आधीच वाढवून ठेवते. कांटेलना ही यंत्रणा माहीत नव्हती, ती कळायला पुढची तीसेक वर्षं गेली. पण उत्पादन वाढतं हे त्यांनी पाहिलं आणि वापरलं.

दुसरी युक्ती मला सगळ्यांत जास्त आवडते. माणसाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशींवर न्यूयॉर्कमध्ये यान विल्चेक आणि त्यांचे सहकारी काम करत होते. पॉली आय-सी हा दोन पदरी कृत्रिम आरएनए टाकला की या पेशी बीटा इंटरफेरॉन बनवतात, पण काही तासांत थांबतात. त्यांनी पॉली आय-सीबरोबर सायक्लोहेक्झिमाइड टाकलं. हे रसायन पेशीची प्रथिननिर्मितीच थांबवतं. इंटरफेरॉन हेही प्रथिनच, मग ते कमी व्हायला हवं! पण काही तासांनी त्यांनी अॅक्टिनोमायसिन देऊन नवा आरएनए बनणं बंद केलं आणि सायक्लोहेक्झिमाइड धुऊन टाकलं, तेव्हा आधीपेक्षा कितीतरी पट इंटरफेरॉन मिळालं.

असं का झालं? तर थांबवणारी प्रथिनं बनलीच नाहीत म्हणून. पॉली आय-सीचा संदेश मिळताच पेशी इंटरफेरॉनचा आरएनए लिहायला लागते आणि त्याच वेळी तो आरएनए मोडून काढणारी, लेखन बंद करणारी प्रथिनंही बनवायला घेते. बीटा इंटरफेरॉनच्या आरएनएच्या शेपटीत तो लवकर मोडावा अशी खूणच लिहिलेली आहे. प्रथिननिर्मिती थांबवली तेव्हा मोडणारे हात नव्हते, आरएनए साठत गेला. अडथळा काढल्यावर त्या सगळ्या साठ्यातून इंटरफेरॉन निघालं. म्हणजे पेशीची ताकद कधीच कमी नव्हती, ती स्वतःला आवरत होती. पदव्युत्तर वर्गात हा प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर काढायचे. नियंत्रण म्हणजे काय हे समजावायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

तिसरी युक्ती कारखान्यातली. आफ्रिकेतल्या एका बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या रुग्णाकडून नमाल्वा नावाची पेशीमाला, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारा पेशींचा वंश, मिळाली होती. ब्रिटनमध्ये वेलकम या औषध कंपनीने ती हजारो लिटरच्या टाक्यांत वाढवली. विषाणू द्यायच्या आधी या पेशींना सोडियम ब्युटिरेटमध्ये ठेवलं की उत्पादन वाढतं. ब्युटिरेटने पेशीचं विभाजन मंदावतं आणि डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरचे अॅसिटाइल गट टिकून राहतात, जनुकं वाचायला मोकळी होतात.

मग १९८० मध्ये झुरिचला चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने अल्फा इंटरफेरॉनचं जनुक जिवाणूत घातलं. जिवाणूला ना रिग-आय ना सॉक्स-१. तो सांगेल तितकं बनवतो. १९८६ मध्ये अमेरिकेत हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी असं इंटरफेरॉन मंजूर झालं, आणि रक्ताच्या पिशव्यांचा तो काळ संपला.

प्रश्न : मॅम, एमएस्सीच्या प्रकल्पात मी एचईके-२९३ पेशींवर पॉली आय-सी टाकते आहे आणि २४ तासांनी बीटा इंटरफेरॉनची एलायझा (प्रथिन मोजायची चाचणी) करते आहे. काहीच येत नाही. पुण्यातल्या मैत्रिणीला ए-५४९ पेशींवर त्याच बाटलीतल्या पॉली आय-सीने छान वाचन मिळालं. माझं पॉली आय-सी खराब झालंय का?
– विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : बाटली फेकू नकोस. तुझ्या पेशींना ते दिसतच नसणार.

पॉली आय-सी नुसतं माध्यमात, म्हणजे पेशी वाढतात त्या पोषक द्रवात, टाकलं की ते पेशीच्या बाहेर असतं. तिथून ते पिशवीसारख्या पुटिकांतून आत ओढलं जातं. पुटिकेच्या आत त्याला ओळखणारा ग्राहक म्हणजे टीएलआर-३. एचईके-२९३ पेशींमध्ये टीएलआर-३ जवळजवळ नसतो. म्हणूनच तर टीएलआर-३ तपासायचा असला की लोक त्याचं जनुक बाहेरून या पेशींत घालतात. तुझ्या मैत्रिणीच्या ए-५४९ मूळच्या फुफ्फुसाच्या, त्यांचं वागणं वेगळं. तू तेच पॉली आय-सी लिपिडच्या साह्याने पेशीद्रव्यात पोचव, म्हणजे ट्रान्स्फेक्शन कर. मग रिग-आय आणि एमडीए-५ त्याला भेटतील. लांब साखळीचं पॉली आय-सी मुख्यतः एमडीए-५ ओळखतं, आखूड झालेलं रिग-आय. तेव्हा बाटलीवर लांबी काय लिहिली आहे तेही वहीत उतरवून ठेव. सोबत नुसतं लिपिड दिलेल्या पेशी ठेवायच्या, नाहीतर आलेलं वाचन कशामुळे आलं ते सांगता येणार नाही.

उद्या कोणी सांगितलं की याच पेशींवर डीएनए टाकून स्टिंगची वाट तपास, तर थांब. एचईके-२९३टी या उपप्रकारात सी-गॅस आणि स्टिंग दोन्ही सापडण्याइतके नसतात. आणि व्हेरो पेशींवर तर कधीच करू नकोस. १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून त्या मिळाल्या. त्यांच्या गुणसूत्राचा मोठा तुकडा गळालेला आहे आणि अल्फा-बीटा इंटरफेरॉनची जनुकं त्या तुकड्याबरोबरच गेली. बाहेरून इंटरफेरॉन दिलं तर त्या सावध होतात, स्वतः मात्र बनवू शकत नाहीत. म्हणूनच विषाणू त्यांत मुक्त वाढतो आणि लस बनवणाऱ्यांना त्या हव्या असतात. रेबीजच्या काही लशी असोत, कोव्हॅक्सिन असो, विषाणू वाढवला तो व्हेरोतच.

वेळेचंही बघ. आरएनए मोजणार असशील तर २४ तास फार उशीर आहे, तोवर पेशीने तो मोडून टाकलेला असतो. तीन, सहा, नऊ तासांचे नमुने घे. प्रथिन माध्यमात साठत जातं म्हणून एलायझाला २४ तास चालतात.

आणखी एक गोष्ट एलायझा तुला कधीच सांगणार नाही. एकाच फ्लास्कमधल्या, एकाच वंशाच्या, सारख्याच दिसणाऱ्या पेशींना सारखाच संदेश दिला तरी बीटा इंटरफेरॉन बनवतात त्यातल्या काहीच. बाकीच्या गप्प असतात. एनएफ-कप्पा-बी, आयआरएफ-३ वगैरे सगळे एकाच क्षणी त्या आखूड पट्ट्यावर जमणं हे थोडंफार योगायोगावर आहे. तुझ्या वाचनातला आकडा म्हणजे काही बोलक्या आणि पुष्कळ गप्प पेशींची सरासरी. शक्य असेल तर पुण्यात कुठे फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर, बघायला मिळतं का विचार. ते चित्र एकदा पाहिलंस की आलेख वाचायची तुझी पद्धत बदलेल.

आम्ही शिकलो तेव्हा एलायझाही नव्हती. विश नावाच्या पेशी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये लावायच्या, इंटरफेरॉन दुप्पट-दुप्पट पातळ करत ओळीने द्यायचं, दुसऱ्या दिवशी व्हीएसव्ही विषाणू टाकायचा आणि नंतर क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचं. ज्या खळग्यात निम्म्या पेशी वाचल्या तिथे इंटरफेरॉनचं एक एकक. त्या विश पेशी गर्भवेष्टनाच्या म्हणून जगभर वापरल्या गेल्या आणि पुढे सिद्ध झालं की त्या हीला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या) पेशीच आहेत, कुठेतरी मिसळलेल्या. तेव्हा तुझी पेशीमाला नक्की कोणती हे एकदा तपासून घे. आणि मायकोप्लाझ्मा हा पेशीसंवर्धनात शिरणारा सूक्ष्म जिवाणू आहे का ते तपास, आजच. माध्यम गढूळ होत नाही, सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही, आणि तरी पेशींचे सगळे संदेश बिघडलेले असतात.

प्रश्न : वैद्यकीय शिक्षणात सायक्लिक एएमपी हा दुय्यम संदेशवाहक म्हणून पाठ केला. त्याने इंटरफेरॉन वाढतं की घटतं? वाचायला दोन्ही मिळतं.
– डॉक्टर, इंदिरानगर

उत्तर : डॉक्टर, कोणती पेशी आणि कोणतं इंटरफेरॉन हे सांगितल्याशिवाय याला उत्तर नाही, म्हणूनच दोन्ही वाचायला मिळतं. मी गॅमापुरतं ठामपणे सांगू शकते. गॅमा इंटरफेरॉन विषाणू शिरला म्हणून सरसकट सगळ्या पेशींत बनत नाही, ते मुख्यतः टी-पेशी आणि एनके पेशी या पांढऱ्या पेशींचं काम. टी-पेशीत सायक्लिक एएमपी वाढलं की ते घटतं. सूज आलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं, ते टी-पेशीवरच्या ग्राहकांमार्फत सायक्लिक एएमपी वाढवतं, त्याने प्रोटीन किनेज-ए जागं होतं, ते सीएसके या दुसऱ्या किनेजला पुढे करतं आणि सीएसके लिंफोसाइटमधल्या एलसीके या तिसऱ्या किनेजला गप्प करतं. टी-पेशीच्या ग्राहकाचा पहिला आवाज एलसीकेमधूनच उमटतो. तोच बंद झाला की पुढचं काही होत नाही. संवर्धनात फोर्सकोलिन टाकून थेट सायक्लिक एएमपी वाढवलं तरी हेच दिसतं.

कॅल्शियम याच्या नेमकं उलट. आयनोमायसिनने पेशीत कॅल्शियम सोडलं आणि जोडीला पीएमए हे रसायन दिलं की टी-पेशी भरभरून गॅमा इंटरफेरॉन बनवतात. कॅल्शियममुळे कॅल्सिन्युरिन जागं होतं आणि एनफॅट हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात जातं. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर तुम्ही सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस लिहून देता तेव्हा हीच पायरी अडवता. शेजारच्या पेशींकडून येणारे रेणूही आहेतच. इंटरल्युकिन-१२ स्टॅट-४ मार्फत गॅमा वाढवतं, इंटरल्युकिन-१८ सोबत असेल तर कितीतरी जास्त, आणि इंटरल्युकिन-१० ते दाबतं.

अल्फाबद्दल एकच सांगते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एक टक्काही नसलेल्या प्लाझ्मासाइटॉइड डेंड्रिटिक पेशी अल्फा इंटरफेरॉनचा मोठा वाटा बनवतात, कारण त्यांच्याकडे आयआरएफ-७ आधीपासून तयार असतं. त्यांनाही प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि इंटरल्युकिन-१० आवरतात.

प्रश्न : ताई, माझी मुलगी नाशिकला नर्स आहे. तिची टीबीची रक्ततपासणी केली, तीत गॅमा इंटरफेरॉन पॉझिटिव्ह आलं. तिला खोकला नाही, ताप नाही. आम्ही सगळे घाबरलो आहोत. रक्तात विष झालं आहे का?
– गृहिणी, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, विष अजिबात नाही. गॅमा इंटरफेरॉन तिच्या रक्तातून काढून मोजलेलं नाही, ते तिच्या पेशींकडून नळीत बनवून घेतलं आहे. रक्त काही नळ्यांत घेतात. एकीत काहीच नसतं. एक-दोन नळ्यांत टीबीच्या जंतूची निवडक प्रथिनं असतात, ती बीसीजीच्या लसीत नसतात, म्हणून लहानपणीच्या लशीमुळे ही तपासणी पॉझिटिव्ह येत नाही. शेवटच्या नळीत सगळ्याच टी-पेशींना जागं करणारा पदार्थ असतो. या नळ्या ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवतात आणि मग कोणत्या नळीत किती गॅमा इंटरफेरॉन बनलं ते मोजतात. तुमच्या मुलीच्या पेशींनी टीबीची प्रथिनं ओळखली, इतकाच त्याचा अर्थ. बहुधा दवाखान्यात काम करताना कधीतरी तिचा जंतूशी संबंध आला आणि तिच्या पेशींनी ते लक्षात ठेवलं. आजार आता आहे की नाही हे ही तपासणी सांगत नाही. त्यासाठी छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांनी तपासणं लागतं. ते लगेच करून घ्या. आजार नसेल तर पुढे होऊ नये म्हणून गोळ्यांचा कोर्स द्यायचा का हेही तेच ठरवतील. तो दिला तर तिने अर्धवट सोडू नये.

डॉक्टरांना मी वर लिहिलं त्याचा इथे उपयोग आहे. रुग्ण स्टेरॉइडवर असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर शेवटच्या नळीतही गॅमा कमी येतं. मग अहवाल 'अनिर्णित' येतो. त्याला निगेटिव्ह समजू नये.

प्रश्न : कोणत्या काढ्याने किंवा गोळीने इंटरफेरॉन वाढतं ते सांगावे. वय ७४ आहे.
– ज्येष्ठ वाचक, पंचवटी

उत्तर : काका, मी तुम्हाला असा काढा सांगणार नाही, कारण त्याने तुमच्या शरीरात इंटरफेरॉन वाढून फायदा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. आणि वाढवायची इच्छाही धरू नका. हिपॅटायटिस-सीसाठी ज्यांनी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतली त्यांना विचारा. ताप, अंगदुखी, गळून जाणं, काहींना गंभीर नैराश्य. फ्लूमध्ये अंग मोडून येतं त्यातही इंटरफेरॉनचा वाटा असतो. काही मुलं जन्मतःच पेशीतला नको असलेला डीएनए साफ करण्याच्या एन्झाइममध्ये दोष घेऊन येतात. त्यांच्या पेशी विषाणू नसतानाही सतत इंटरफेरॉन बनवतात आणि मेंदूला कायमची इजा होते. एकार्डी-गूतिएर सिंड्रोम म्हणतात त्याला. ल्युपस या प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारातही अल्फा इंटरफेरॉनचा संदेश चालूच राहतो. २०२१ मध्ये अमेरिकेत ल्युपससाठी मंजूर झालेलं अॅनिफ्रोलुमॅब हे औषध तर इंटरफेरॉनचा ग्राहकच झाकतं.

उलट बाजूही सांगते, कारण तुमच्या वयाला ती लागू आहे. २०२० मध्ये कोविडच्या जिवावर बेतलेल्या ९८७ रुग्णांची तपासणी झाली. त्यातल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडली. त्यांत पुरुष जास्त होते, आणि वयाबरोबर अशी प्रतिपिंडं वाढतात हे पुढे दिसलं. याला काढ्याचा उपयोग नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्या, न्यूमोनियाच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि ताप आला तर दोन-चार दिवस अंगावर काढू नका.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात पेशीसंवर्धन सुरू करायचं आहे. पेशीमाला कुठून आणाव्यात आणि नाशकात टिकवाव्यात कशा?
– प्राध्यापिका, कॉलेज रोड

उत्तर : पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, तिथल्या संग्रहातून रीतसर मागवा. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या माणसाकडून फ्लास्क उचलून आणायचा मोह टाळा, विश पेशींचं वर लिहिलंच आहे. वाढत्या पेशींचा फ्लास्क आणणार असाल तर तो माध्यमाने गळ्यापर्यंत भरून, झाकण पॅराफिल्मने बंद करून आणा. अर्धा भरलेला फ्लास्क चाकणच्या वाहतुकीत आणि चंदनापुरी घाटात हिंदकळला की पेशी तळापासून सुटतात. आल्यावर जादा माध्यम काढा, रात्रभर विसावू द्या. त्या काढलेल्या माध्यमावरच पहिली मायकोप्लाझ्मा चाचणी करा आणि निकाल येईपर्यंत तो फ्लास्क इतर पेशींपासून वेगळा ठेवा.

पहिल्या दोन-तीन पिढ्यांतच पुरेशा कुप्या गोठवून ठेवा आणि इंटरफेरॉनचा प्रत्येक प्रयोग त्यातूनच काढलेल्या, कमी पिढ्यांच्या पेशींवर करा. फार वाढवलेल्या पेशी इंटरफेरॉन बनवण्यात हळूहळू बदलतात. द्रव नायट्रोजनची चिंता करू नका, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्ह्यात नियमित लागतो, पुरवठादारांची चौकशी तिथेच करा. वीज गेली तर कार्बन डायऑक्साइड इनक्यूबेटरचं दार उघडायचं नाही, एवढं मात्र शिपायापासून विभागप्रमुखापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा.